फुली

सोहारच्या बंदरामागे, यार्डात, मी जोड तपासतो.
पाइपांचे एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावून
पोलादाच्या पोटातली केसाएवढी भेग शोधतो.
बावीस वर्षांत एकही निसटली नाही,
असं कंपनीचं प्रशस्तिपत्र म्हणतं.
हॉलमध्ये लावलंय, एसीखाली, जरा तिरकं.

त्याच हॉलमध्ये रुंजी वाचायला बसायची
आणि मला दिसायचं ते एवढंच
की पोरगी लक्ष देत नाही.

मान कललेली. एक तळवा डाव्या डोळ्यावर.
बोट ओळीखाली, ओळ बोटाखालून पसार.
'उंट' वाचून ती थेट दोन ओळी खालच्या
'बाजारात' उतरायची,
मधलं वाळवंट न चालताच.
वह्यांत लाल फुल्या. इंग्रजीत, अरबीत,
गणितातसुद्धा, कारण गणितही आधी वाचावं लागतं.

चष्म्याच्या दुकानात
तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढी ओळ
तिने धडाधड म्हणून दाखवली.
"डोळे ठणठणीत," दुकानदार म्हणाला.
मग मी ठणकावलं तिला.

एका शुक्रवारी, मराठीच्या वर्गाआधी,
तिने अख्खा धडा वाचला, शब्दन् शब्द बरोबर.
फक्त पान उलटायचं राहिलं.

पाठ केला होता.
आईच्या तोंडून ऐकून, कणीक मळता मळता.
मी पान हातात धरून बसलो.
आता ओरडायचं कशावर, तेच सुचेना.

डॉक्टर इख्लास सुदानच्या. सावकाश बोलणाऱ्या.
त्यांनी एक पेन रुंजीच्या नाकाकडे आणत नेलं,
आणि वीतभर अंतरावर
डावा डोळा हळूच बाहेर सरकला,
कंटाळलेला माणूस सभेतून उठावा तसा.
लांबचं दिसणं निराळं, म्हणाल्या,
आणि जवळच्या ओळीवर दोघांनी मिळून टिकणं निराळं.
मग तिलाच विचारलं: अक्षरं काय करतात गं?

हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

"इंग्लिशची सुटी असतात, पळतात.
अरबी हात धरून येतात, पण घसरतात.
मराठीची दांडीवर वाळत घातलेली.
मग दांडीच हलते.
मग दोन दांड्या होतात."

आता रोज संध्याकाळी दाराच्या मुठीला दोरी.
यार्डातली, रेघ आखायची, पांढरी.
तीन मणी: हिरवा, पिवळा, लाल.
दुसरं टोक तिच्या नाकाशी.
"बाबा, दोन दोऱ्या दिसतायत!"
मी घाबरलो. हे तर बिघडलंच.
पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन दिसायलाच हव्यात,
जिथे बघतेस त्या मण्यावर
त्यांची फुली व्हायला हवी.
तर आमच्या घरात हल्ली फुली झाली की टाळ्या.
हिरव्यावर होते. पिवळ्यावर कधी कधी.
लालवर अजून नाही.
पुस्तकात अजून ओळ सुटते. कमी सुटते, असं मला वाटतं,
पण माझ्या नजरेचं आता मी काय सांगू?

ती झोपल्यावर मीही दोरी नाकाला लावून पाहिली.
आणि विलासदादाला फोन केला, दाभोळला.
दादा वर्गात 'ढ'. गावातही 'ढ'.
मास्तर म्हणायचे, मग आम्ही सगळे म्हणायचो,
मीही, पहिल्या बाकावरून.
सातवीत शाळा सुटली.
आता लाँचचं इंजिन नुसतं ऐकून
कुठला बोल्ट ढिला ते सांगतो.

हवापाणी झालं. माशांचे भाव झाले.
मग विचारलं: दादा, शाळेत असताना
ओळी हलायच्या का तुझ्या?

पलीकडे बराच वेळ नुसती खाडी.
मग म्हणाला,
"हो की.
सगळ्यांच्याच हलत असतील, असं वाटायचं.
तुम्हाला कसं जमतं याचंच नवल करायचो."

एसी चालू होता.
दाराला बांधलेली दोरी
थोडी हलत होती.